तिसऱ्या पिनेवरचं कुंकू

माझ्या धंद्याला हाताइतकंच नाक लागतं, असं मी सांगितलं की लोक हसतात. वायरमनला पक्कड लागते, टेस्टर लागतो, शिडी लागते. नाकाचं काय काम? पण चाळीस वर्षं मी सांगली आणि सातारा जिल्ह्यांत घरांची, दुकानांची, गोदामांची वायरिंगची कामं केली आणि त्यातली निम्मी दुखणी मीटर लावायच्या आधी मला वासावरून कळली. वायरचं प्लास्टिक तापलं की घशात खवखवतं. मोटारीचं कॉइल जळायला लागलं की जरा गोडसर वास येतो. आणि जुने काळे सॉकेट तापले की सुकट भाजल्यासारखा वास येतो. हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात एकदा नको त्या घरात बोललो.

तेव्हा मी सांगलीत एका ठेकेदाराकडे होतो. घर हळदीच्या व्यापाऱ्याचं. खाली गोदाम, वर राहणं. माणसं जैन, आणि नियमाला कडक. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं माझं काम पाचच्या आत संपलं पाहिजे असा घरातल्या अक्कांचा हुकूम होता. गोदामात हळदीचा असा घमघमाट की नवखा माणूस शिंकून बेजार व्हावा. मी वरच्या पंख्याचं काम करून जिना उतरत होतो आणि मध्येच थांबलो.

"कुठंतरी सुकट भाजतंय," मी म्हणालो.

अक्का जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. "काय म्हणालासा?"

"सुकट... म्हणजे तसा वास येतोय."

"आमच्या घरात सुकट? तोंड धुऊन या आधी!"

मी तोंड धुवायच्या आधी पोती बाजूला केली. मागच्या भिंतीवर हळद पॉलिश करायच्या ड्रमचा सॉकेट होता आणि तो तपकिरी पडून मऊ झाला होता. वर तागाची पोती रचलेली. आणखी तासाभरात काय झालं असतं ते अक्कांनाही कळलं. त्यानंतर त्या घरात मला जेवूनच जावं लागायचं, पण वाढताना दर वेळी त्या विचारायच्या, "दुसरा शब्द सापडला का न्हाई अजून?" मला तो आजतागायत सापडलेला नाही.

त्या सॉकेटात काय झालं होतं ते सांगतो, कारण पुढं ते लागणार आहे. हळदीची पूड पितळी पिनांवर बसली होती. पावसाळ्यात तिनं ओल धरली, पितळ हिरवं पडलं आणि पिन नि सॉकेट यांच्यामध्ये एक थर तयार झाला. वीज त्या थरातून रेटून जाते आणि तिथंच तापते. गोठ्याचं दार अरुंद असलं की जनावरं दारातच धक्काबुक्की करतात, तसं. बाहेरच्यांना वाटतं वायर जळते. चांगली वायर सहसा जळत नाही. जळतो तो जोड, आणि वायरमनचं निम्मं आयुष्य जोड शोधण्यात जातं.

पुढं मी वडूजला आलो, बाजारपेठेत दुकान घातलं. वाईकडं सिनेमाची शूटिंगं चालायची, तिथं नटनट्यांच्या गाड्या येत. आत पलंग, आरसा, एसी, सगळं घरच. अशी गाडी उभी केली की बाहेरच्या एखाद्या घरातून जाड वायरनं तिला वीज द्यावी लागते. गाडीच्या अंगावर एक झाकण असतं, त्याच्या आत तीन पिना. वायरचं एक टोक भिंतीच्या सॉकेटात आणि दुसरं त्या पिनांवर. ही वायर तापते म्हणून मला एकदा बोलावलं. गेलो तर उरलेली वीस-पंचवीस मीटर वायर गोल गुंडाळून गाडीखाली ठेवलेली आणि त्या गुंडाळीवर एक कुत्रं ऐसपैस झोपलेलं. थंडीचे दिवस होते. मी मीटर काढलाच नाही. कुत्र्याला उठवलं आणि गुंडाळी सोडून वायर लांब पसरायला लावली. गुंडाळलेल्या वायरीची ऊब बाहेर पडायला जागा नसते. मॅनेजर मला म्हणाला, तुम्ही तर काहीच केलं नाही. मी म्हणालो, कुत्र्यानं केलं, त्याचे आभार माना. त्या तालुक्यांत अशा गाड्यांची कामं मग माझ्याकडंच यायला लागली.

असा मी मिजाशीत होतो. आणि दोन वर्षांपूर्वी मला ताप आला.

ताप आठ दिवसांत उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही. घरी मी एकटाच होतो. मुलीचं पुण्यात बाळंतपण झालं, ती नोकरीवर रुजू झाली आणि बायको नातवाला सांभाळायला तिकडं गेली ती तिकडंच राहिली. ती सणाला येते, मी महिना-दोन महिन्यांनी जातो. एका सकाळी दूध करपून पातेलं काळं झालं, धूर खिडकीतून बाहेर गेला आणि शेजारीण दार बडवत आली, तेव्हा मला कळलं. मी त्याच खोलीत पेपर वाचत बसलो होतो.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. वायरमनचं नाक गेलं ही बातमी वडूजसारख्या गावात एका दिवसात फिरेल आणि मग कोण बोलावणार? बायकोलाही सांगितलं नाही. ती लगेच म्हणाली असती, दुकान बंद करा आणि इकडं या. तिचं बरोबरच होतं, म्हणून तर सांगितलं नाही. पण जेवणात मन लागेना. भाकरी आणि पुठ्ठा यात फरक राहिला नाही. बायकोच्या कपाटात कापराच्या वड्या असतात. ते कपाट उघडलं की ती घरात असल्यासारखं वाटायचं. तेही गेलं. मला फार एकटं वाटत होतं आणि या वयात हे फोनवर कसं बोलायचं, याची लाज वाटत होती.

अशा दिवसांत सुभेदारांचा फोन आला.

सुभेदार हणमंतराव फौजेतून निवृत्त झालेले. वडूजहून म्हसवडकडं जाताना रस्त्याला लागून त्यांचं रान आहे. घरापुढं लिंबाखाली एक मिनीबस उभी. मी गेलो तेव्हा वैशाखाचं ऊन होतं. सकाळी दहालाच डोकं तापत होतं.

"वायरमन, या," ते बसच्या दारातूनच म्हणाले. घराला कुलूप होतं. ते राहात होते बसमध्ये.

आत बघितलं आणि मी चाट पडलो. पलंग, ओटा, छोटा फ्रीज, एसी, इंडक्शनची शेगडी, खिडक्यांना शिवलेले पडदे. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, पांघरुणाची घडी पट्टीनं मोजल्यासारखी.

"शिरवळच्या शेडात करून घेतली," सुभेदार म्हणाले. "अठ्ठावीस वर्सं मी सरहद्दीवर आन मंडळी हितं. म्हटलं, आता जितं जितं मी ऱ्हायलो ती समदी ठाणी तिला दावायची. पर हाटेलात तिला झोप येत न्हाई. म्हनून घरच चाकावर घातलं."

"किती ठाणी झाली?"

"म्हसवडचा सिद्धनाथ झाला. पैला मान त्याचा." त्यांनी पडद्याची चुणी सरळ केली. "तेवढंच. दिवाळीत गेली ती. बसल्या बसल्या गेली."

त्यांच्या पत्नीचं नाव इंदूताई. दिवाळीपासून बस जागची हलली नव्हती आणि वीज देणारी वायरही एकदाही निघाली नव्हती.

तक्रार साधी होती. एसी लावला की अर्ध्या तासानं जळका वास यायचा. मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. ही पद्धत कुणालाही येण्यासारखी आहे. एसीसारखा मोठा बोजा चालू करायचा, वीस मिनिटं थांबायचं, मग मेन पाडायचा, म्हणजे मुख्य स्विच बंद करायचा, आणि वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताची पाठ लावत जायचं. पाठच, कारण तिला ऊब लवकर कळते. जिथं हात थबकतो तिथं दुखणं. वायर लिंबाच्या बुंध्याला गुंडाळलेली होती, ती आधी सोडवली. ओसरीतल्या भिंतीच्या सॉकेटाशी आलो आणि हात थबकला. प्लग काढला तर आतून खराट्याची काडी निघाली. सॉकेट ढिला झाला की पिन घट्ट बसावी म्हणून आपल्याकडं घरोघरी काडी खुपसतात. पिन हलत नाही, पण टेकतही नीट नाही.

"ही कुणी घातली?"

"मीच. चालत हुतं की."

"चालत नव्हतं, जळत होतं," मी म्हणालो आणि मनातून खूश झालो. चोर सापडला होता. नवा जाड सॉकेट बसवला, आतल्या तारा कापून ताज्या केल्या, स्क्रू आवळले. मग बसच्या अंगावरच्या झाकणाकडं हात नेला.

"ते ऱ्हाऊ द्या," सुभेदार पटकन म्हणाले. "ते चांगलं हाय. नवंच हाय."

मी हात मागं घेतला. का घेतला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. चोर सापडल्याचा आनंद होता, ऊन होतं आणि गिऱ्हाईक नको म्हणत होतं. दहा मिनिटं एसी चालवून बघितला. सुभेदार नाक फुगवून उभे होते.

"वायरमन, वास येतुया अजून."

मी चार वेळा श्वास ओढल्याचं नाटक केलं. "जुना वास आहे," मी म्हणालो. "भिंतीत मुरलेला असतो. दोन दिवसांत जाईल."

एवढ्या ठामपणानं सांगितलं की त्यांनी मान डोलावली. फौजेतला माणूस, ज्याचं काम त्याचा शब्द, ही त्यांची सवय. माझं नाक जागेवर असतं तर मी त्यांचं ऐकून न घेता ते झाकण उघडलं असतं. निदान झाकणावर हात तरी ठेवला असता.

आठवड्यानंतर दुपारी तीन वाजता फोन आला. आवाज शांत. "वायरमन, धूर आला हुता. मेन पाडलाय. सवडीनं या."

ते मला बोलले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी दुकान उघडं टाकून स्कूटर काढली.

एसी चालू होता आणि त्यांनी चहासाठी शेगडी लावली होती. दोन्ही बोजे एकदम पडले. खिडकीबाहेर निळसर धूर दिसला म्हणून ते उतरले, ओसरीत पळाले आणि मेन पाडला. अंघोळ करत असते, झोपलेले असते तर प्रश्नच मिटला असता. बसच्या अंगावरच्या झाकणाभोवती रंग फुगून आला होता.

"आता उघडावं लागेल," मी म्हणालो.

सुभेदार बाजूला झाले. मी झाकण उचललं. वायरीचं टोक पिनांना वितळून चिकटलं होतं. पकडीनं धरून, हलवून हलवून ओढलं, तेव्हा निघालं. सुभेदारांनी गपकन टॉवेल नाकाला लावला आणि दोन पावलं मागं सरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मात्र त्या जळक्या भोकाच्या अगदी तोंडाशी वाकून, चष्मा वर करून, निवांत बघत होतो.

मागून आवाज आला, "वायरमन, तुमाला वास येत न्हाई."

त्यांनी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. खोटं बोलायला मला सवड होती, पण बोललो नाही. "दोन वर्षं झाली," मी म्हणालो.

"मागल्या टायमाला?"

"तेव्हाही येत नव्हता."

मी वळून बघितलं नाही. ते मला हाकलतील असं वाटलं आणि हाकलायलाच पाहिजे होतं. ज्या माणसाला मी वास जुना आहे म्हणून सांगितलं, तो त्या शब्दावर आठ दिवस त्या पत्र्याच्या डब्यात झोपला होता. मला त्या क्षणी स्वतःची जेवढी शिसारी आली, तेवढी आयुष्यात आली नव्हती.

"मी बी झाकण उघडू दिलं न्हाई," सुभेदार म्हणाले. "आतलं बगा नीट."

मी बॅटरी मारली. दोन पिना काळ्या ठिक्कर, कडेनं हिरव्या. तिसरी, म्हणजे अर्थिंगची, जरा जाड पिन, तिच्या बुडाशी लाल रंग होता. आधी मला वाटलं कसली तरी खूण आहे. मग कळलं. ते कुंकू होतं.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा करतात. मागल्या खंडेनवमीला इंदूताईंनी घरातलं एकही हत्यार सोडलं नव्हतं. कुदळ, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, सुभेदारांची फौजेतली ट्रंक, बसचं स्टिअरिंग.

"मोडका इळा बी पाटावर मांडला हुता," सुभेदार सांगत होते. "मी म्हटलं, अगं हे आता कशाला? तर म्हनली, बोथट झालं म्हनून काय झालं, राबलंय न्हवं? मग हितं आली. म्हनली, वीज कुटनं आत येती? मी झाकण उघडून दावलं. तिनं वायर काढाय लावली आन तिन्ही दांड्यांला वलं कुंकू लावलं. मीच वायर परत घातली. मग ती गेल्यावर... ती वायर काडली की कुंकू निगणार."

सांगलीतल्या गोदामात जे हळदीच्या पुडीनं झालं, तेच इथं. कुंकू हळदीचंच होतं, ओलं लावलेलं. दोन पिनांतून रोज वीज जात होती, त्या जळाल्या. तिसरीतून रोज काही जात नाही, म्हणून ती तेवढी राहिली, असं मी सुभेदारांना सांगितलं. ज्याला हे सर्वांत आधी ओळखू यायला पाहिजे होतं, तो मी आठ दिवसांपूर्वी तिथंच उभा होतो.

"तुमीच म्हनलासा, तिसरीतनं वीज जात न्हाई," सुभेदार म्हणाले. "मग दोन बदला आन ती ऱ्हाऊ द्या."

इथं मात्र मला राग आला. स्वतःवरचा होता, निघाला त्यांच्यावर. "सुभेदार, ती तिसरी पिन म्हणजे तुमचा जीव आहे. बस सगळी पत्र्याची आणि उभी रबराच्या टायरांवर. आत कुठं वायर सोलली आणि पत्र्याला टेकली, तर वीज जमिनीत जायला त्या पिनेशिवाय वाट नाही. तुम्ही एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून उतरलात की ती तुमच्यातनं जाईल. ती पिन रोज काही करत नाही, पण ज्या दिवशी करायचं त्या दिवशी ती चकचकीत पाहिजे. कुंकू ठेवून मी वीज देणार नाही."

"मग नगं वीज."

"या उन्हात?"

"अठ्ठावीस वर्सं कुटं एसी हुता?"

ते पायरीवर बसले. मी लिंबाच्या बुंध्याशी बसलो. माझा एक नियम आहे. मेलेला सॉकेट मी कुठंही लावलेला ठेवत नाही, काढून टाकतो. ठेवला की कुणीतरी त्यावर विसंबतं. हा नियम मी चाळीस वर्षं पाळला होता आणि त्यावरून मालकांशी भांडलोही होतो.

"हा आहे इथंच राहू द्या," मी शेवटी म्हणालो. "मागनं याच्या तारा तोडतो, टोकं बंद करतो. नवा वीतभर बाजूला बसवू. त्याला वेगळं भोक पाडू."

सुभेदारांनी वर बघितलं. "चालंल तसं?"

"चालत नाही. पण करू."

तसला नवा भाग वडूजमध्ये मिळण्यासारखा नव्हता आणि पत्राही नीट कापायचा होता, म्हणून बस शिरवळच्या त्याच शेडात न्यायची ठरली. वायर आता काढलीच होती. दिवाळीनंतर बस पहिल्यांदा मोकळी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, पुढचं डाव्या बाजूचं दार उघडलं.

"तितं नगं," सुभेदार म्हणाले. "मागं बसा."

मी मागं पलंगावर बसलो. पुसेगाव आलं. पंप दिसला तशी सुभेदारांनी गाडी हळू केली, डावीकडं मान वळवली आणि म्हणाले, "डिझेल भरून घ्यावं का गं?" मग समोर बघायला लागले. मला विचारलेलं नव्हतं.

शेडात काम दोन तासांचं. नवा भाग बसवला, मागून प्रत्येक स्क्रू मी स्वतः दोनदा आवळला. एसी आणि शेगडी दोन्ही लावून तासभर चालवलं, मग मेन पाडून हाताची पाठ लावली. नवा जोड गार होता. तरी मी सुभेदारांना जवळ बोलावलं.

"वास घ्या."

ते वाकले. सावकाश, डोळे मिटून त्यांनी वास घेतला. "नव्या रबराचा हाय. जळका न्हाई."

"नक्की?"

"नक्की. रिपोर्ट खरा हाय."

परत येताना त्यांना हाताची पाठ कशी लावायची ते शिकवलं. त्या दिवसापासून मी कुठंही कामाला गेलो की आधी घरातल्या माणसाला विचारतो, वास कसला येतोय, कधीपासून, काय लावलं की येतो. लोकांना वाटतं, म्हातारा फार बारकाईनं चौकशी करतो. खरं म्हणजे मी त्यांची नाकं उसनी घेतो. आणि कुणी वास येतोय म्हणालं तर येतोय, एवढं मला पुरतं.

या वर्षी खंडेनवमीला सुभेदारांनी मला बोलावलं. हत्यारं घेऊन या, म्हणाले. दसरा झाला की ते निघणार होते, एकटेच, पहिल्या ठाण्याकडं. लिंबाखाली पाट मांडला होता. कुदळ, पंप, शिलाई मशीन, मोडका विळा. मी पिशवीतून पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर आणि मीटर काढून शेजारी ठेवले. सुभेदारांनी वाटीत कुंकू कालवलं होतं. त्यांना त्याची सवय नव्हती, पातळ झालं होतं. एकेका हत्याराला बोट लावत ते पुढं सरकले. बसच्या नव्या झाकणावर बाहेरूनच एक बोट लावलं. मग जुनं झाकण उघडलं, आत जरा वेळ बघितलं आणि तसंच लावून टाकलं.

मला वाटलं पूजा झाली. मी हत्यारं गोळा करायला वाकलो, तर ते समोर येऊन उभे राहिले.

"थांबा. एक हत्यार ऱ्हायलंय."

त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि माझ्या नाकाच्या शेंड्याला लावलं.

"आवं सुभेदार," मी म्हणालो, "हे आता चालत नाही."

"राबलंय न्हवं?" ते म्हणाले.

त्यांनी पाटाजवळच्या उदबत्तीकडं बोट केलं. "मोगरा हाय," म्हणाले, आणि प्रसाद आणायला बसमध्ये गेले.

मी नाक पुसलं नाही. तसाच स्कूटरवरून वडूजच्या बाजारपेठेतून घरी आलो. ओळखीची माणसं बघून हसत होती. संध्याकाळी पुण्याहून बायकोचा व्हिडिओ कॉल आला. नातवाला माझ्यापुढं धरून ती काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली. फोन तोंडाजवळ आणून तिनं विचारलं, "आवं, नाकाला काय लागलंय तुमच्या?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला सांगायला सुरुवात केली.